पंप बदललाच नव्हता, बिल मात्र पंपाचं लावलं

जुनी पेट्रोल इंजेक्शनवाली गाडी वापरत असाल तर हे नक्की वाचा, माझी फसवणूक झाली तशी तुमची होऊ नये म्हणून लिहितोय.

त्रास असा होता की सकाळी गाडी एका सेल्फला चालू व्हायची, पण चालवून आणली आणि दहा-पंधरा मिनिटं उभी केली की परत नुसता सेल्फ मारत बसायचं, आणि एकदाची चालू झाली की मागून काळा धूर आणि पेट्रोलचा भपकन वास, ऍव्हरेज पण बरंच पडलं होतं. गॅरेजवाल्याने बोनेट उघडून दोन मिनिटं ऐकलं आणि सांगून टाकलं, साहेब पेट्रोलचा पंप गेलाय, इंजेक्टर (इंजिनात पेट्रोल फवारणारे) पण चोक आहेत. पेट्रोलचं प्रेशर मोजायचं गेज लावलं नाही, एक प्लग काढून बघितला नाही. मी गाडी ठेवून आलो. संध्याकाळी एक तेलकट जुना पंप माझ्या हातात देऊन म्हणाला, हा बघा तुमचा, जळून गेला होता. मी पंपाचं आणि इंजेक्टर सफाईचं बिल भरलं.

चार दिवसांत परत तेच. तेव्हा तो म्हणाला आता ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर बघावा लागेल, आणि तिथे मात्र माझ्या मनात पाल चुकचुकली.

घरी येऊन मागची सीट उचलली. माझ्या गाडीत पंप टाकीच्या आत असतो आणि सीटखालच्या झाकणातून काढतात. झाकणाच्या स्क्रूच्या खाचा मातीने गच्च भरलेल्या. झाकण काढलं तर खालच्या मोठ्या रिंगवर जुन्या धुळीचा जाड थर, रिंग आणि टाकीच्या सांध्यावरून सलग गेलेला, कुठे बोट लागल्याची खूण नाही. ही रिंग फिरवल्याशिवाय पंप बाहेर येतच नाही, मग मला दाखवलेला पंप कुठून आला? मी लगेच फोटो काढले.

नंतर एका जुन्या मेस्त्रींकडे गेलो. इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या पाइपवर, म्हणजे फ्युएल रेलवर, प्रेशर आटोक्यात ठेवणारा रेग्युलेटर असतो, त्यांनी त्याची इंजिनकडे जाणारी बारीक व्हॅक्यूम नळी उपसली, आणि नळीच्या तोंडातून पेट्रोलचे थेंब पडले. ती नळी कोरडी असायला हवी. रेग्युलेटरच्या आतला डायफ्राम (पातळ पडदा) फाटला होता, त्यामुळे पेट्रोल नळीतून थेट मॅनिफोल्डमध्ये (इंजिनात हवा नेणाऱ्या पाइपांत) ओढलं जात होतं, म्हणून धूर, म्हणून प्लग काजळीने काळेकुट्ट, आणि म्हणूनच गरम इंजिन चालू होताना त्रास. ते म्हणाले पंप कमजोर असता तर इंजिनला पेट्रोल कमी पडलं असतं, चढावर गाडीने दम टाकला असता, झटके मारले असते, काळा धूर कशाला आला असता? हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर!

तर गॅरेजमध्ये कोणी पंप म्हणालं की आधी गेज लावायला सांगा. रेलवर रेग्युलेटर असलेल्या बऱ्याच जुन्या गाड्यांत आयडलला (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) साधारण २.५ ते ३ बार प्रेशर दिसतं आणि व्हॅक्यूम नळी काढली की ते अर्ध्या बारच्या आसपास वाढतं, पण तुमच्या गाडीचा नेमका आकडा तिच्या मॅन्युअलमधूनच घ्या. प्रेशर कमी आलं तरी लगेच पंपाला दोष देऊ नका, फिल्टर चोक असू शकतो, पंपाच्या कनेक्टरवर व्होल्टेज नीट येत नसेल, रिले (पंपाला करंट देणारा स्विच) किंवा अर्थची वायर खराब असेल, आणि ही तपासणी पंपापेक्षा खूप स्वस्तात होते. फक्त पेट्रोलची लाइन स्वतः उघडू नका, इंजिन बंद असलं तरी आत प्रेशर राहतं आणि गरम इंजिनवर पेट्रोल उडालं तर आग लागते. आणि गाडी देण्याआधी त्या रिंगचा एक फोटो काढून ठेवा.

फोटो दाखवल्यावर गॅरेजवाला आधी म्हणाला पोराने केलं असेल, मग आवाज चढवला, मग गुपचूप पंपाचे पैसे परत दिले. इंजेक्टर सफाईचे पैसे मात्र अडकलेत, ती केली की नाही हे दाखवायला माझ्याकडे काहीच नाही, काम चालू असताना मी तिथे थांबलो नव्हतो.