जबड्याच्या शस्त्रक्रियेनंतर पुन्हा स्कूबा: साचा घेता येणारा माउथपीस कितपत कामाचा?

रेग्युलेटरसोबत (सिलिंडरमधली हवा तोंडाशी आणणारं उपकरण) येणाऱ्या साध्या सिलिकॉन माउथपीसचे बाइट टॅब (दातांत धरायचे तुकडे) आखूड असतात. सुळे आणि त्यांच्या मागचे एक-दोन दात एवढ्यावरच ते धरावे लागतात, दाढांना काहीच टेकत नाही. होजच्या (हवेच्या नळीच्या) ओढीने रेग्युलेटर तोंडातून सुटू नये म्हणून माणूस नकळत खालचा जबडा पुढे काढतो आणि चावून धरतो. तो सगळा ताण कानापुढच्या सांध्यावर येतो. धडधाकट जबडाही यामुळे ठणकू शकतो. ज्याचा जबडा कापून, सरकवून, टायटॅनियमच्या पट्ट्या आणि स्क्रू लावून बसवला आहे, त्याचे चावण्याचे स्नायू तर आधीच लवकर थकतात. शिवाय दातांची जुळणी बदललेली असते, त्यामुळे जुन्या माउथपीसवर पडलेल्या दातांच्या खुणा आता कशाशीच जुळत नाहीत.

अशा डायव्हरने पहिल्यांदा पैसे घालावेत ते गरम पाण्यात मऊ करून स्वतःच्या दातांवर बसवायच्या माउथपीसवर, असं आमचं स्पष्ट मत आहे. सीक्युअर हा या प्रकारातला जुना आणि परिचित माउथपीस. त्याचा चावा दाढांपर्यंत जातो, वरच्या आणि खालच्या दोन्ही दातांचे ठसे त्यात उमटतात. म्हणून तो जवळजवळ न चावता तोंडात राहतो. मात्र घाईने घेतला तर तो वाया जातो.

हाड साधारण ६ ते ८ आठवड्यांत जुळतं, पण पूर्ण भक्कम व्हायला कित्येक महिने लागतात, आणि त्या काळात दात तारांनी हलवले जात असतात. आज घेतलेला साचा दोन महिन्यांनी बसणार नाही. ब्रॅकेट (तार धरायला दातांवर चिकटवलेले तुकडे) लावलेले असताना साचा घेतला तर त्याहून वाईट: मऊ झालेला पदार्थ ब्रॅकेटच्या खाचांत शिरतो, तिथेच थंड होतो आणि काढताना ब्रॅकेट उपटून येऊ शकतो. तारा निघाल्यावर, दात रिटेनरवर (त्यांना जागीच धरून ठेवणारं साधन) स्थिरावल्यावरच साचा घ्या. काढघालीचा रिटेनर साचा घेताना तोंडात नको, डाइव्हच्या वेळीही नको. खालच्या दातांमागे कायमची चिकटवलेली तार असेल तर तिला टेकणारी माउथपीसची कड आधीच थोडी छाटा.

आता मुख्य काम. दिलेल्या सूचनेतले सेकंद तंतोतंत पाळा, कारण प्रत्येक कंपनीचा पदार्थ वेगळ्या तापमानाला मऊ होतो. पाणी उकळलं की भांडं आचेवरून उतरवा, माउथपीस चिमट्याने रेग्युलेटरवर बसणाऱ्या बाजूने धरा आणि फक्त चावायचा भाग बुडवा. जास्त वेळ बुडवला तर तो ढासळतो, दातांखालची जाडी इतकी कमी होते की काही डाइव्हमध्येच आरपार चावला जातो. कमी वेळ बुडवला तर ठसा वरवरचा राहतो आणि पुन्हा चावून धरणं आलंच.

इथे या शस्त्रक्रियेपुरती एक खास सावधगिरी घ्यायला हवी. खालचा जबडा कापताना त्यातून जाणारी नस ताणली जाते. खालचा ओठ आणि हनुवटी महिनोन्‌महिने, कधी कायमची, बधिर राहतात. वरच्या जबड्याच्या शस्त्रक्रियेनंतर वरचा ओठ आणि हिरडीही तशीच होऊ शकते. बधिर ओठाला भाजलेलं कळत नाही. म्हणून गरम पाण्यातून काढलेला माउथपीस आधी झटकून मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहा, तिथे सोसला तरच तोंडात घाला. आरसा समोर हवा, म्हणजे ओठ नेमका कुठे आहे ते दिसतं.

तोंडात घातल्यावर जबडा पुढे काढू नका. विश्रांतीत असतो तसा ठेवा, हलकेच दाब द्या, ओठ मिटून हवा शोषा, गालांनी बाहेरून दाबा. घट्ट चावला तर वरचे आणि खालचे ठसे एकमेकांना भिडतात. ज्यांचं तोंड अजून पूर्ण उघडत नाही, त्यांनी आकार निवडताना टॅबच्या जाडीकडे आधी बघावं. मागचं टोक शेवटच्या दाढेमागच्या हिरडीला टोचत असेल किंवा उमासा येत असेल तर कात्रीने दोन-दोन मिलिमीटर कापत जा. एकदम कापलेलं परत जोडता येत नाही.

रेग्युलेटरवर बसवताना माउथपीस आवळणाऱ्या केबल टायचं डोकं खालच्या बाजूला ठेवू नका, बाजूला वळवा, आणि शेपटी अगदी सपाट कापा. राहिलेलं टोक ओठ कापतं आणि बधिर ओठाला पाण्याबाहेर आल्यावर रक्त दिसेपर्यंत पत्ता लागत नाही. मग गळतीची चाचणी घ्या: रेग्युलेटरचा पूर्ण संच, फर्स्ट स्टेजवर (सिलिंडरला जोडायच्या भागावर) धूळटोपी लावलेली, सिलिंडरला न जोडलेला. माउथपीसमधून हवा ओढा. अजिबात यायला नको. आली तर आधी माउथपीसची मान आणि टाय बघा, मग एक्झॉस्ट व्हॉल्व्ह (उच्छ्वास बाहेर सोडणारी झडप) आणि डायफ्रॅम (आतला लवचीक पडदा).

ओठांचं काम मात्र हा माउथपीस करत नाही. बधिर कोपऱ्यातून पाणी झिरपतं आणि ते घशाशी गेल्यावर खोकल्यानेच कळतं. म्हणून पहिले काही तास दोन-तीन मीटरच्या तलावात घालवा, आणि प्रत्येक श्वास सावकाश, जीभ टाळूकडे किंचित उचलून घ्यायची सवय लावा, म्हणजे थेंब आत ओढले जात नाहीत.

होजकडेही लक्ष द्या. नेहमीच्या होजचा बाक रेग्युलेटरला सतत उजवीकडे ओढतो. साधारण एक मीटरची होज काखेखालून आणून सेकंड स्टेजला (रेग्युलेटरच्या तोंडाशी असणाऱ्या भागाला) कोनात वळणारा जोड लावला की ही ओढ बरीच कमी होते. जोड म्हणजे गळतीची आणखी एक जागा, सर्व्हिसिंगच्या वेळी त्याचीही ओ-रिंग (गळती रोखणारी रबरी कडी) बदलून घ्या. हलका सेकंड स्टेज असेल तर आणखी उत्तम.

अक्वालंग कंपनीच्या कॉम्फो-बाइट माउथपीसमध्ये टाळूवरून जाणारा पूल असतो, साचा घ्यावा लागत नाही. दात अजून हलत आहेत पण सर्जनने परवानगी दिली आहे, अशा मधल्या काळात तो बरा. मात्र वरचा जबडा रुंद केला असेल तर पूल नीट टेकतो का ते दुकानातच बघा. चेहरा पूर्ण झाकणारा मास्क चावण्याचा प्रश्नच मिटवतो; पण त्याला वेगळं प्रशिक्षण लागतं, सोबत एक साधा मास्क आणि पर्यायी रेग्युलेटर बाळगावा लागतो, आणि पट्ट्यांचा दाब चेहऱ्यावर येतो. फक्त जबडा दुखतो एवढ्यासाठी तो घेणं आम्हाला पटत नाही. साध्या मास्कचीही मात्र फेरतपासणी करा: वरचा जबडा सरकला की ओठावरची मास्कची कड जुन्या जागी बसत नाही.

कोणताही माउथपीस सायनस बरा करत नाही. वरचा जबडा सरकवण्याच्या ल फोर्ट १ शस्त्रक्रियेत काप गालांमागच्या सायनसच्या (हवेच्या पोकळ्यांच्या) भिंतींतून जातो. तिथे सूज किंवा अडथळा राहिला तर खाली जाताना दाब जुळत नाही, आणि पहिल्या १० मीटरमध्येच दाब दुप्पट होतो. डायव्हरच्या वैद्यकीय प्रश्नावलीत गेल्या ६ महिन्यांतल्या सायनस शस्त्रक्रियेबद्दल विचारलेलं असतं. शस्त्रक्रियेचं नाव जबड्याचं आहे म्हणून तिथे ‘नाही’ लिहू नका. सर्जनचं पत्र आणि डायव्हिंग जाणणाऱ्या डॉक्टरची तपासणी, दोन्ही घ्या. टायटॅनियमच्या पट्ट्यांची धास्ती नको: त्या भरीव असतात, दाबाने दबत नाहीत, गंजत नाहीत. जबडा हलवून कान मोकळे करणाऱ्यांना ती युक्ती आधीसारखी न साधण्याची शक्यता आहे. नाक धरून हलका दाब द्यायची पद्धत किनाऱ्यावरच घोटून घ्या.

साच्याचा माउथपीस मुख्य रेग्युलेटरवर लावा, ऑक्टोपसवर (जोडीदारासाठीच्या जादा सेकंड स्टेजवर) साधाच ठेवा, कारण जोडीदाराच्या तोंडाला तुमच्या दातांचे ठसे जुळणार नाहीत. मुख्य रेग्युलेटरच जोडीदाराला द्यायची पद्धत असेल तर हे आधी त्याला सांगा, आणि ऑक्टोपसच्या साध्या टॅबवर दहा मिनिटं श्वास घेण्याचा सराव स्वतः करा, कारण तेव्हा तोच तुमच्या तोंडात असेल. डाइव्हनंतर गोड्या पाण्याने धुवा, तापलेल्या गाडीत टाकून ठेवू नका, आकार बिघडतो. चावलेल्या जागी भेग किंवा भोक दिसलं की नवा घ्या. कानापुढे टकटक किंवा कानशिलात ठणका सुरू झाला तर मात्र माउथपीस बदलण्याआधी सर्जनला दाखवा.