साखळी सुटल्यानंतरचे काम : पुण्याबाहेरील एका श्वान-निवाऱ्याचे परीक्षण

छळ झालेल्या किंवा उपाशी ठेवलेल्या कुत्र्यांना सोडवून आणणाऱ्या संस्थांची ओळख हल्ली बहुतेकांना मोबाइलवरच्या चित्रफितींतून होते. त्यांत कापलेली साखळी असते, मागे करुण संगीत असते आणि पुढच्याच दृश्यात तोच कुत्रा गुटगुटीत होऊन कोणाच्या तरी सोफ्यावर बसलेला असतो. मधले महिने कोणी दाखवत नाही, आणि संस्थेची परीक्षा त्या महिन्यांतच होते. पुणे शहराबाहेरच्या ज्या निवाऱ्याविषयी हे लिहीत आहे, तेथे मी आधी तक्रारदार म्हणून गेले आणि पुढे सवडीनुसार मदतीला जाऊ लागले. निवाऱ्याचे नाव आणि ठिकाण मुद्दाम दिलेले नाही. अशा जागेचा पत्ता पसरला की रात्री फाटकाला म्हातारे लॅब्रॅडॉर बांधून लोक निघून जातात आणि पोत्यात घातलेली पिल्ले कुंपणावरून आत टाकली जातात; प्रसिद्धीची ही किंमत तिथल्या माणसांनी आधीच पुरेशी मोजलेली आहे. शिवाय येथे जे मुद्दे मांडले आहेत, ते वाचकांना आपापल्या गावातील निवारा पारखतानाही उपयोगी पडतील.

माझा संबंध आला तो एका जर्मन शेफर्ड कुत्रीमुळे. अर्धवट राहिलेल्या एका बांधकामावर राखणीसाठी आणलेली ही कुत्री, काम बंद पडून राखणदार गावी निघून गेल्यावरही, पत्र्याच्या खोपटाला आखूड साखळीने बांधलेलीच राहिली होती. शेजारच्या सोसायटीतील लोक भिंतीवरून पोळ्या टाकत आणि पाणी पावसाचे. निवाऱ्याला दूरध्वनी केल्यावर गाडी लगेच निघाली नाही. तारखेसह छायाचित्रे, मालकाचे नाव आणि जागेचा तपशील आधी मागवण्यात आला. ऐकणाऱ्याला हा कोरडेपणा वाटतो, पण त्यामागे कायद्याची जाण आहे. पाळीव कुत्रा कायद्याच्या दृष्टीने मालकाची मालमत्ता असल्यामुळे परस्पर साखळी कापून त्याला उचलून आणणाऱ्यावरच चोरीची तक्रार होऊ शकते. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ प्रमाणे प्राण्याला अवास्तव काळ आखूड किंवा जड साखळीने जखडून ठेवणे आणि पुरेसे अन्न, पाणी व निवारा न देणे हे गुन्हे आहेत खरे. परंतु पहिल्या गुन्ह्याला दंड आहे १० ते ५० रुपये. तीन वर्षांच्या आत तोच गुन्हा पुन्हा केल्यास २५ ते १०० रुपये दंड, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. त्यातही हे गुन्हे अदखलपात्र असल्याने ठाण्यात एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची साधी नोंद, करून घेतात आणि पुढचा तपास दंडाधिकाऱ्यांच्या आदेशावाचून सरकत नाही. प्राण्याला ठार मारणे, विष घालणे किंवा कायमचे जायबंदी करणे यांसाठी मात्र भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. थोडक्यात, एका दिवसात विष घालणारा कायद्याच्या तावडीत सापडू शकतो, आणि चार महिने उपाशी ठेवणारा ५० रुपये भरून घरी जातो.

म्हणूनच या निवाऱ्याचे खरे हत्यार आहे ताबा सोडल्याचे पत्र. त्यांचा बचाव-कार्यकर्ता मालकाकडे गेला तेव्हा त्याने कायद्याचे नावही काढले नाही. «काका, कामाच्या व्यापात तुम्हाला हिच्याकडे बघणं झेपत नाही, एवढंच झालंय, सही करा, पुढचं आम्ही बघतो,» अशा सुरात तो बोलत राहिला, मालकाने दोनदा आवाज चढवला तरी त्याचा सूर बदलला नाही, आणि अखेर सही मिळाली. एनसीची प्रत त्याच्या पिशवीत होती. ती बाहेर काढण्याची वेळच आली नाही. माझ्यासारख्या माणसाला अशा मालकाशी इतक्या सौम्यपणे बोलणे अन्यायाचे वाटते. पण कुत्री त्याच संध्याकाळी सुटली, आणि मालकाला चार शब्द सुनावले असते तर ती आणखी कित्येक आठवडे तिथेच राहिली असती.

वैद्यकीय बाजू ही या निवाऱ्याची सर्वांत भक्कम बाजू आहे. दीर्घकाळ उपाशी राहिलेल्या कुत्र्यापुढे भरलेले ताट ठेवावे असे कोणालाही वाटते, आणि तेच घातक ठरू शकते. शरीराला एकाएकी भरपूर अन्न मिळाले की रक्तातील फॉस्फरस, पोटॅशियम यांसारख्या क्षारांचे प्रमाण झपाट्याने घसरते आणि हृदय बंद पडण्याची भीती असते. येथे अशा कुत्र्याला मोजून, थोडे थोडे, दिवसातून अनेक वेळा खाऊ घालतात, मध्ये रक्त तपासतात आणि पिंजऱ्यावर तसा फलक लावतात. बिस्किटांचे पुडे घेऊन येणाऱ्या प्रेमळ पाहुण्यांना त्या फलकाजवळूनच परत पाठवले जाते, हे मी स्वतः पाहिले आहे. साखळीने मानेत केलेली जखम भूल देऊन साफ करणे, पावसाळ्यात हमखास पडणारे किडे चिमट्याने एकेक काढणे, गोचीड तापासाठी रक्ताची तपासणी करणे ही कामे ओरडाआरडा न होता चालतात. प्रत्येक कुत्र्याचा स्वतंत्र कागद असतो आणि त्यावर वजनाच्या नोंदी असतात. वजन लिहून न ठेवणाऱ्या निवाऱ्यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

नवीन आलेल्या कुत्र्यांना इतरांपासून दोन आठवडे वेगळे ठेवण्याचा नियम कसोशीने पाळला जातो. यातला एक तपशील सहज नजरेतून सुटतो, पण मला तो फार महत्त्वाचा वाटतो. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या संसर्गजन्य आजाराचा विषाणू चिवट असतो, जमिनीत महिनोन्‌महिने टिकतो आणि आपल्याकडे सर्रास वापरले जाणारे फिनेल त्याला मारू शकत नाही. त्यासाठी क्लोरीन असलेल्या ब्लीचसारखे जंतुनाशक लागते, आणि तेही आधी मळ धुऊन काढल्यानंतर. फिनेलच्या वासाने घमघमणारा निवारा पाहुण्याला स्वच्छ वाटतो, पण पिल्ले मात्र मरत राहतात. येथे फिनेलचा वास येत नाही. विलगीकरणाच्या दाराशी पाय बुडवायला ब्लीचच्या पाण्याची पाटी ठेवलेली असते, आणि तिथे काम करणारी मुलगी त्या वेळेत दुसऱ्या विभागात पाऊल टाकत नाही. कर्मचाऱ्यांना रेबीजची प्रतिबंधक लस आधीच दिलेली असते, हीदेखील सर्वत्र आढळणारी गोष्ट नाही.

भ्यालेल्या कुत्र्यांबाबत दाखवला जाणारा धीर वाखाणण्याजोगा आहे. शेफर्डला पहिले काही आठवडे कोणी कुरवाळले नाही; रोज तोच कार्यकर्ता खाणे घेऊन यायचा, पिंजऱ्यात तिच्याकडे पाठ करून बसायचा आणि उठून जायचा. हात उगारल्यासारखा वाटेल म्हणून खराटाही तिच्यासमोर वापरत नसत. पुढे ती स्वतःहून त्याच्या खांद्याला हुंगू लागली, आणि त्यानंतरच लांब दोरीवर तिचे फिरणे सुरू झाले.

रस्त्यावरच्या कुत्र्यांसंबंधी निवाऱ्याची भूमिका स्पष्ट आहे, आणि तिच्यामुळे त्यांना शिव्याही खाव्या लागतात. जखमी कुत्रा आणायचा, बरा करायचा, निर्बीजीकरण व लसीकरण करून कानाला खूण करायची आणि जिथून आणला तिथेच नेऊन सोडायचा. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांना हेच अपेक्षित आहे. «नेलात तर परत आणू नका» असा आग्रह धरणाऱ्या सोसायट्यांना ते शांतपणे नकार देतात.

आता उणिवा. रात्री आठनंतर दूरध्वनी लागत नाही, लागला तर उत्तर तुटक मिळते, आणि तक्रार करणाऱ्याला नंतर काय झाले हे कळवण्याची कोणतीही पद्धत नाही. मला प्रत्येक वेळी स्वतः विचारावे लागले. मनुष्यबळ तोकडे आहे हे मान्य, पण दोन ओळींचा संदेश पाठवायला डॉक्टर लागत नाही. मोठ्या कुत्र्यांच्या पिंजऱ्यांवरचे पत्रे पावसाळ्यात एवढे वाजतात की आधीच घाबरट असलेली जनावरे कोपऱ्यात दबून बसतात. त्यावर काही आच्छादन टाकणे फार खर्चाचे नसावे.

सर्वांत मोठा आक्षेप दत्तक देण्याच्या पद्धतीवर आहे. घरी येऊन पाहणी करणे, निर्बीजीकरणाची अट घालणे, सुरुवातीला चाचणीचा काळ ठेवणे हे सर्व योग्यच. परंतु भाड्याने राहणाऱ्या अविवाहितांना येथे सरसकट नकार मिळतो, आणि तो मला समर्थनीय वाटत नाही. घरमालकाचे संमतिपत्र आणि घर बदलल्यास कळवण्याची लेखी हमी एवढ्यावर भागू शकते. पग आणि लॅब्रॅडॉर यांना घरे मिळतातच. वर्षानुवर्षे थांबून राहतात ती गावठी कुत्री, त्यातही तीन पायांची आणि एका डोळ्याची, आणि त्यांना नेण्याची तयारी बरेचदा अशा तरुण मुलामुलींचीच असते.

देणगीची पावती लगेच मिळते आणि प्राप्तिकरातील देणगीच्या सवलतीसाठी ती चालते. मात्र त्या सवलतीसाठी रोख रक्कम २,००० रुपयांपेक्षा जास्त देऊन उपयोग नाही. वस्तू द्यायच्या असतील तर जुन्या चादरी, रद्दी आणि न उघडलेले ब्लीचचे डबे आनंदाने घेतले जातात, शिजवलेले अन्न घेतले जात नाही. पाच गुणांपैकी मी उपचारांना पाच, बचावाच्या पद्धतीला पाच, संपर्काला दोन आणि दत्तक-प्रक्रियेला तीन देईन. लहान मुलांना वाढदिवसाला कुत्री दाखवायला म्हणून नेण्याची ही जागा नव्हे. पिंजरे धुण्याची तयारी असेल तर सकाळी लवकर जावे, कारण त्या वेळी तिथे हात नेहमीच कमी पडतात.