नाशिकमध्ये लॅपटॉप दुरुस्तीला कुणाकडे द्यावा: कंपनीचं सर्व्हिस सेंटर, एमजी रोडवरचं दुकान की घरी येणारा टेक्निशियन?

भाव आणि वेळ यांची चौकशी सगळेच करतात. आत बँकेची स्टेटमेंट, घरच्यांची आधार कार्डं, अंबड एमआयडीसीतल्या कंपनीची ड्रॉइंग पडली आहेत, हे मात्र मशीन काउंटरवर ठेवल्यावर आठवतं.

सर्व्हिस सेंटरला सुटे भाग अस्सल मिळतात आणि वॉरंटी शाबूत राहते. फायलींचं मात्र तसं नाही. ‘डेटाची जबाबदारी ग्राहकाची’ हे जॉबशीटवर बारीक अक्षरात बहुधा असतंच. शिवाय मोठी पाटी म्हणजे सचोटी असं समजू नका. कॅनडातल्या (नाशिकचा कॅनडा कॉर्नर नव्हे, खराखुरा कॅनडा) ग्वेल्फ विद्यापीठाच्या संशोधकांनी लहान-मोठ्या १६ ठिकाणी लॅपटॉप दुरुस्तीला दिले. बिघाड काय, तर मुद्दाम बंद केलेला ऑडिओ ड्रायव्हर, म्हणजे आवाज चालवणारं सॉफ्टवेअर. फायली उघडायचं कामच नव्हतं. तरी ६ ठिकाणी खाजगी फायली चाळल्या गेल्या, त्यातल्या दोन ठिकाणी कॉपीही झाल्या. २०२२ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

एमजी रोडवर काम स्वस्तात आणि लवकर होतं. पण ‘दादा, पासवर्ड सांगून ठेवा’ म्हणतात आणि तो टेपच्या तुकड्यावर लिहून झाकणावर चिकटवतात. मग तो दुकानातल्या सगळ्यांचाच. स्क्रीन किंवा कीबोर्डसाठी पासवर्ड लागत नाही. एसएसडी, म्हणजे फायली साठवणारी डिस्कसुद्धा लागत नाही, बायोस (विंडोजच्या आधी येणारा सेटिंगचा पडदा) दिसला की तपासणी होते. बऱ्याच लॅपटॉपमध्ये ती एका स्क्रूवर बसवलेली, च्युइंगमच्या पट्टीएवढी असते. समोर काढून घ्या, खिशात टाका. खरा दुकानदार हरकत घेत नाही.

विंडोज अडकलं, व्हायरस आला, तर टेक्निशियनला घरीच बोलवा आणि शेजारी बसा. खाजगीपणाच्या बाबतीत हा पर्याय मला सर्वांत बरा वाटतो. मदरबोर्डचं सोल्डरिंग घरी होत नाही, एवढीच अडचण.

मशीन डिस्कसकट द्यावंच लागलं तर बॅकअप घ्या, व्हॉट्सअॅप वेब आणि ब्राउझरमधून लॉगआउट व्हा. नुसत्या विंडोज पासवर्डवर विसंबू नका. एन्क्रिप्शन (किल्लीशिवाय वाचता येणार नाही असं डेटाचं कुलूप) नसेल तर डिस्क दुसऱ्या मशीनला लावली की सगळं उघडं. विंडोजमधलं असं कुलूप, म्हणजे बिटलॉकर, चालू करा आणि त्याची ४८ अंकी रिकव्हरी की वेगळी लिहून ठेवा, कारण मदरबोर्ड बदलला की तीच मागितली जाते. नव्या मॅकबुकची स्टोरेज निघतच नाही, तिथे फाइलव्हॉल्ट (मॅकमधलं असंच कुलूप) चालू ठेवून पासवर्ड न देणं एवढंच हातात आहे.