शिलाईची खोली, नऊ महिन्यांनंतर: मशीन उत्तम, टेबल उत्तम, उजेडाने मात्र रडवलं

गुढीपाडव्याला मुलाच्या खोलीतला पलंग बाहेर काढला आणि तिथे माझं शिलाईचं बस्तान मांडलं. मुलगा पुण्यात नोकरीला लागल्यापासून ती खोली नुसती सामान कोंबायला होती. नऊ बाय दहाची, उत्तरेला एक सरकती खिडकी. त्याआधी सोळा वर्षं मी हॉलच्या कोपऱ्यात शिवलं, फरशीवर चटई टाकून कापलं आणि पाहुणे आले की सगळा पसारा दिवाणाखाली सरकवला. मशीन-मोटरची प्राथमिक माहिती शिवणाऱ्या प्रत्येकीला असतेच, ती पुन्हा देत नाही. वापरून काय झालं ते सांगते. त्यातही उजेडाबद्दल जास्त सांगणार आहे, कारण सगळा मनस्ताप तिथेच झाला.

मशीनचं आधी उरकते. आईचं काळं उषा पायमशीन ठेवलंच आहे, त्याच्या जोडीला जॅक कंपनीचं सिंगल नीडल, म्हणजे एका सुईचं कारखान्यातलं मशीन घेतलं, सर्वो मोटरसकट. घेणार असाल तर सर्वोचाच आग्रह धरा. क्लच मोटर एकदा चालू केली की तुम्ही शिवा न शिवा, ती घूं घूं करत फिरतच राहते. सर्वो पायडल दाबलं तरच फिरते. आमच्या खालच्या मजल्यावर वयस्कर आजोबा आहेत, दुपारी झोपतात. नऊ महिन्यांत त्यांच्याकडून एक शब्द आलेला नाही. टेबलाच्या पायांखाली रबराचे जाड तुकडे टाकलेत, तेही करून घ्या. मिनिटाला ५,००० टाक्यांपर्यंत वेग असतो या मशीनचा, ब्लाऊजला त्यातला थोडासाच लागतो. मी मोटरवरच कमी करून ठेवलाय. घरगुती मशीनवरून येणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. आपल्या जुन्या सुईची दांडी एका बाजूने चपटी असते, ती कशी बसवायची ते हातालाच कळतं. या मशीनच्या सुईची दांडी गोल असते. सुईवरची लांब खाच बरोबर डावीकडे यायला हवी, जराशी फिरली तरी टाके सुटायला लागतात आणि आपण उगाच मेकॅनिकला फोन करतो.

कापायचं टेबल म्हणजे बाल्कनीचा काढून ठेवलेला जुना फ्लश दरवाजा, खाली दोन लोखंडी रॅक. सुताराने नव्या प्लायचं टेबल ११,००० ला सांगितलं होतं, माझं २,४०० मध्ये झालं, तेही रॅकचेच पैसे. कडीचं भोक लाकडाच्या तुकड्याने बुजवून घासून घेतलं. उंची ३५ इंच आली. उभं राहून कापायला लागल्यापासून संध्याकाळी कमरेला शेक द्यावा लागलेला नाही. रॅकमध्ये अस्तराचे गठ्ठे बसतात. इस्त्रीसाठी वेगळा १६ अँपियरचा पॉइंट काढून घेतला, कारण मशीन आणि इस्त्री एकाच एक्स्टेन्शनवर चालवणं मला धोक्याचं वाटतं.

आता उजेड.

पाडव्यालाच चार फुटी, २० वॅटची एलईडी पट्टी लावली, ६,५०० केल्विनची (हा उजेडाच्या छटेचा आकडा), पांढरी स्वच्छ. टेबल असं ठेवलं की खिडकी डाव्या हाताला यावी. उजव्या हाताने कापणाऱ्याला उजेड डावीकडूनच हवा, नाहीतर स्वतःच्या हाताची सावली खडूच्या रेघेवर पडते. उत्तरेच्या खिडकीत ऊन येत नाही असं सगळे सांगतात. नाशकात ते पूर्ण खरं नाही. आपण २० अक्षांशावर, सूर्य २३.५ पर्यंत उत्तरेला जातो. मेच्या शेवटापासून जुलैच्या उत्तरार्धापर्यंत तो भर दुपारीही डोक्यावरून किंचित उत्तरेकडेच असतो, आणि उगवतो-मावळतो तर बराच उत्तरेला सरकून. जूनच्या सुरुवातीला, पाऊस लागायच्या आधी, सकाळी सात-साडेसातला आणि संध्याकाळी माझ्या टेबलावर उन्हाची तिरकी पट्टी यायची. तेव्हा तिथे रेशमी कापड उघडं ठेवू नका, घडीच्या कडेला रंग उडतो. बाकी वर्षभर उत्तरेचा उजेड शांत असतो, चकाकत नाही.

पट्टीवर पहिले चार महिने मी खूश होते. काळ्या कापडावरचा काळा टाका रात्री दहाला चष्म्याशिवाय दिसायचा. जुलै संपता संपता ती लुकलुकायला लागली आणि गणपतीच्या आदल्या दिवशी, हातात सहा ब्लाऊज असताना, बंदच पडली. दोन वर्षांची वॉरंटी होती. शालिमारकडच्या ज्या दुकानातून घेतली तिथे गेले. बिल दाखवा म्हणाले. बिल जपून ठेवलेलं होतं, पण ते त्या गुळगुळीत कागदाचं. डब्यातून काढलं तर पांढरंफटक, एक अक्षर शिल्लक नाही. "ताई, बिलाशिवाय कंपनी घेत नाही, आम्ही काय करणार?" इंदिरानगरहून तीन खेपा झाल्या. रिक्षाचे पैसे पट्टीच्या निम्म्या किमतीपर्यंत गेले. शेवटी मुलाने फोनवर सांगितलं, "आई, तू पैसे फोनवरून दिले होतेस ना? त्याची नोंद उघडून दाखव." तारीख आणि रक्कम दाखवली, दुकानदाराने त्यांच्या कॉम्प्युटरवर बिल शोधलं आणि पाच मिनिटांत तशीच दुसरी पट्टी हातात दिली. हेच पहिल्या खेपेला का नाही शोधलं, याचा मला अजून राग आहे. बिल हातात पडलं की तिथल्या तिथे फोटो काढून ठेवा.

इथपर्यंतचं सगळं मी नवरात्राच्या आधी लिहून ठेवलं होतं. शेवटी "पट्टी टिकत नाही, उजेड मात्र उत्तम" असं लिहिलं होतं. ते वाक्य मी मागे घेते.

गंगापूर रोडच्या एका ताईंची येवल्याची पैठणी होती. धूपछाव, डाळिंबी. उभा धागा लाल, आडवा जांभळा, त्यामुळे कापड हलवलं की रंग बदलतो. असल्या कापडाचे सगळे भाग एकाच दिशेने कापावे लागतात. कापड वाचवायला बाही आडवी टाकली की शिवल्यावर ती बाही वेगळ्याच साडीतली वाटते. ते मी सांभाळलं होतं. गळ्याला आणि बाहीला त्याच रंगाची पायपिन, म्हणजे कडेची बारीक किनार, हवी होती. माझ्याकडे साटनचे दोन-तीन लाल तुकडे होते, त्यातला एक रात्री एलईडी पट्टीखाली लावून पाहिला, अगदी एक रंग. खात्री म्हणून सकाळी खिडकीशी धरून पाहिला. तिथेही एक रंग. शिवून टाकलं.

ताई ब्लाऊज घेऊन खाली गेल्या आणि पार्किंगमधूनच हाक मारली, "वहिनी, जरा खाली येता का?" दोन दिवसांनी ऊन पडलं होतं. उन्हात तो ब्लाऊज डाळिंबाच्या दाण्यासारखा पेटलेला आणि गळ्याभोवती विटकरी रंगाची पट्टी. मला बोलायलाच सुचेना. त्या रागावल्या नाहीत, पण त्यांच्या भाचीचं साखरपुड्याचं कार्य चार दिवसांवर होतं.

पायपिन उसवणं सोपं, पण रेशमात सुईची भोकं राहतात. ११ नंबरची बारीक सुई वापरली होती तरी गळ्याभर टिपक्यांची ओळ दिसत होती. नखाने घासली, वाफ दिली, काही बुजली, काही नाही. शेवटी ताईंना विचारून गळा पाव इंच खोल केला, तेव्हा ती ओळ कापली गेली. बाहीला तेवढं कमी करता येत नव्हतं, तिथे नवी पायपिन पाव सूत जास्त रुंद लावून ती ओळ झाकली. एक पूर्ण दिवस गेला. पैसे मी घेतले नाहीत.

मी एलईडी पट्टीलाच दोष दिला, आणि निम्मा दोष तिचा होताच. मुलाने विचारलं, "खोक्यावर सीआरआय किती लिहिलंय बघ." ८० होता. सूर्यप्रकाशाला १०० धरून रंग किती खरे दिसतात त्याचा तो आकडा. ८० म्हणजे घरात वावरायला पुरेसा, पण साध्या एलईडीच्या उजेडात गडद लाल कमी असतो, आणि हा आकडा तेवढं नीट दाखवत नाही. म्हणून डाळिंबी, कुंकवाचा, मरून हे रंग तिच्याखाली मळकट, तपकिरीकडे झुकलेले दिसतात. निळ्या-हिरव्यात फारसं कळत नाही. म्हणजे आपल्याकडे लग्नात जे रंग सर्वात जास्त शिवायला येतात, तेच ती बिघडवते. केल्विनचा आकडा आणि हा आकडा वेगळे. ६,५०० चा पांढरेपणा बघून मी फसले. ९० च्या वरची पट्टी मिळते, दुकानात मुद्दाम मागावी लागते, जवळपास दुप्पट पैसे पडले. लावल्याच्या रात्री सगळे लाल दोरे टेबलावर ओतले. ज्या चार रिळा मी इतके दिवस एकच समजत होते, त्या चार वेगळ्या होत्या.

पण मग सकाळी खिडकीशी धरून पाहिलं तेव्हा रंग एक कसा दिसला? हे डोक्यातून जाईना. मुलगा म्हणाला, ढगाळ होतं म्हणून असेल. मला पटलं नाही.

कोजागिरीच्या आसपास उघडीप मिळाली तशी खिडकी पुसायला घेतली. एक तावदान अर्धं सरकवलेलं होतं. टेबलावर त्याच पैठणीची उरलेली चिंधी पडलेली, बोटभर रुंद, वीतभर लांब. तिच्या एका टोकावर उघड्या खिडकीतून उजेड पडत होता, दुसरं टोक काचेच्या आड होतं. एक टोक डाळिंबी, दुसरं विटकरी. मध्ये चौकटीची सावली. मी तावदान मागेपुढे सरकवलं, रंग चिंधीवरून चालत गेला. आमच्या इमारतीला बिल्डरने हिरवट काच लावलीय. अकरा वर्षं त्या काचेतून बघतेय, ती हिरवी आहे हे डोळ्यांना जाणवतच नव्हतं. हिरवी काच लाल अडवते. म्हणजे रात्री पट्टी लाल खात होती आणि दिवसा काच. एप्रिल-मेमध्ये खिडकी सताड उघडी, तेव्हा रंग चुकले नाहीत. जूनपासून पाऊस, खिडकी बंद, आणि तेव्हापासून मी हिरव्या पाण्यात बसल्यासारखी शिवत होते.

काचवाल्या दादांनी एका तावदानाला साधी पारदर्शक काच बसवून दिली, ९०० रुपये. दोन्हींना बसवणार होते, पण सोसायटीत विचारलं गेलं की बाहेरून एकच खिडकी वेगळी का दिसते. तेही खरंच. म्हणून एकावर थांबले. ते तावदान सरकवून टेबलासमोर आणते, हिरवं पलीकडे ढकलते. सगळ्या खोलीवर जेवढा खर्च केला त्यात हे ९०० सर्वात उपयोगाचे, आणि ते सर्वात शेवटी झाले. तुमच्या खोलीत आधी एक पांढरा कागद घ्या, अर्धा काचेआड आणि अर्धा उघड्यावर धरा. नजरेला लगेच कळतं. त्यासाठी एक रुपयाही लागत नाही.

मेन रोडच्या ज्या दुकानातून मी दोरा घेते, तिथले काका कितीही गर्दी असो, गिऱ्हाइकाचं कापड आणि रीळ घेऊन उठतात, दुकानाच्या पायरीवर जातात, रस्त्यावरच्या उजेडात धरतात आणि मगच पैसे घेतात. इतकी वर्षं मी आत थांबून वाट बघत राहायचे. परवा पहिल्यांदा त्यांच्या मागोमाग पायरीवर गेले.

तुळशीच्या लग्नानंतर गंगापूर रोडच्या ताई दुसरी साडी घेऊन आल्या. ही मोरपंखी, काठ मरून. पायपिन नव्या पट्टीखाली लावून पाहिली, सकाळी साध्या काचेशी धरून पाहिली, दोन्हीकडे जुळली. तरी चपला घालून खाली पार्किंगमध्ये गेले आणि उन्हात धरली. तिथेही रंग तोच होता. वर येऊन मशीनला दोरा ओवला.