गोव्याच्या हवेत तापणारा लॅपटॉप: एचडब्ल्यूइन्फो वापरल्यावरचा अनुभव

कार्तिकातल्या जत्रा सुरू झाल्या तेव्हा लॅपटॉपवर एचडब्ल्यूइन्फो (आतलं तापमान दाखवणारा प्रोग्राम) घातलं, आणि आता चवथ (गणेश चतुर्थी) तोंडावर आली आहे. मधल्या काळात पहाटेचा गारवा, मे महिन्यातला उकाडा आणि पावसातली ओल असं गोव्याचं सगळं हवामान या एका यंत्राने सोसलं. हे लिहिण्याचं कारण तेच. लॅपटॉपच्या तापमानाबद्दल जे सल्ले वाचायला मिळतात, ते बहुतेक २०-२२ अंशांच्या खोलीत बसून दिलेले असतात. आपल्याकडे मे महिन्यात पंख्याखालची खोलीच ३१-३२ वर असते. लॅपटॉपमधला पंखा किंवा हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) कितीही चांगला असला तरी तो चिपला, म्हणजे प्रोसेसरला, खोलीपेक्षा गार करू शकत नाही, त्यामुळे त्या सल्ल्यांतले आकडे इथे जसेच्या तसे लागू होत नाहीत.

मी फोंडा तालुक्यात राहते. जत्रांतली मराठी नाटकं आणि भजनाचे कार्यक्रम चित्रित करून त्यांचं एडिटिंग घरीच करते. लॅपटॉपमध्ये इंटेलचा आय५-१२४५०एच प्रोसेसर आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड आहे. तीन अंकी नाटक एक्सपोर्टला लावलं, म्हणजे एडिट केलेल्या व्हिडिओची अंतिम फाईल बनवायला घेतली, की यंत्र बराच वेळ पूर्ण ताकदीने चालतं, म्हणून उष्णतेचा विषय माझ्यासाठी रोजच्या कामाचाच आहे.

विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये वेगळ्या ग्राफिक्स कार्डाचं तापमान दिसतं, प्रोसेसरचं दिसत नाही. ते बघायला वेगळं साधन लागतंच. एचडब्ल्यूइन्फो घरगुती वापरासाठी फुकट आहे. उघडताना ‘सेन्सर्स ओन्ली’ वर खूण केली की थेट आकड्यांची लांबलचक यादी समोर येते. प्रत्येक ओळीला चार रकाने: आत्ताचा आकडा, सर्वात कमी, सर्वात जास्त आणि सरासरी. यादी पाहून पहिल्यांदा गांगरायला होतं, पण मी त्यातल्या पाचच ओळी ठेवल्या आणि बाकीच्या लपवल्या: सीपीयू पॅकेजचं म्हणजे अख्ख्या प्रोसेसर चिपचं तापमान, पॅकेज पॉवर म्हणजे चिप किती वॅट खाते आहे, कोअर क्लॉक म्हणजे चिपचा वेग, थर्मल थ्रॉटलिंगची (उष्णतेमुळे वेग उतरवला का, याची) हो-नाहीची ओळ, आणि एसएसडीचं म्हणजे फायली साठवणाऱ्या ड्राइव्हचं तापमान. काम सुरू करण्याआधी खालचं घड्याळाचं बटण दाबलं की जुने उच्चांक पुसले जातात. हे बटण महत्त्वाचं आहे. नाहीतर सकाळी अपडेट चालू असताना गाठलेला उच्चांक दुपारच्या कामाच्या माथी बसतो.

आता मुख्य गोष्ट. थंडीत, खोली २५ अंशांवर असताना, एक ठरावीक नाटक एक्सपोर्टला लावलं तेव्हा पॅकेज ९३ वर स्थिरावलं. मे महिन्यात तेच नाटक, त्याच सेटिंगवर, ३२ अंशांच्या खोलीत लावलं, तर आकडा आला ९५. नुसतं तापमान बघणारा म्हणेल की दोनच अंशांचा फरक आहे, काही बिघडलेलं नाही. पण शेजारच्या ओळी वेगळंच सांगत होत्या. थंडीत चिप साधारण ५२ वॅट वापरत होती आणि क्लॉक ३.६ गिगाहर्ट्झच्या आसपास होता. मे महिन्यात ती ४० वॅटवर आली होती आणि क्लॉक ३.१ वर. तापमान जवळपास तेच, काम मात्र बरंच कमी होत होतं.

असं होतं कारण प्रोसेसर स्वतःला जपतो. इंटेलच्या या चिपची कमाल मर्यादा १०० अंश आहे. एएमडीच्या लॅपटॉप चिपांची मॉडेलनुसार साधारण ९५ ते १०५ च्या दरम्यान असते. बऱ्याच लॅपटॉप कंपन्या लगाम त्याच्या थोडा आधीच घालतात. माझ्या लॅपटॉपवर तो ९५ ला आहे. मर्यादा आली की चिप आपला वेग आणि व्होल्टेज उतरवते आणि तिथेच तग धरते. २००० साली आलेल्या पेंटियम ४ पासून इंटेलच्या चिपांत वेग आपोआप कमी करण्याची ही सोय आहे. म्हणून पडद्यावर ९५ दिसलं की चिप जळेल, ही भीती अनाठायी आहे. मात्र याच सोयीमुळे उच्चांकाचा आकडा फसवा होतो. एकदा छताला डोकं टेकलं की पुढे आकडा वाढतच नाही. जो काही त्रास असेल तो वेगातून वसूल होतो.

मग खरं काय बघायचं? मला सर्वात उपयोगी पडलं ते एक साधं गणित. चिपच्या तापमानातून खोलीचं तापमान वजा करायचं आणि उरलेल्याला वॅटने भागायचं. दर वॅटमागे चिप खोलीपेक्षा किती अंश वर जाते ते कळतं. थंडीत ९३ वजा २५ म्हणजे ६८, भागिले ५२: साधारण १.३. मे महिन्यात ९५ वजा ३२ म्हणजे ६३, भागिले ४०: जवळजवळ १.६. खोली तापल्याचा हिशेब वजाबाकीतच निघून गेला, तरी आकडा चढलाच. याचा अर्थ दोष फक्त उन्हाळ्याचा नव्हता. उष्णता बाहेर टाकण्याची लॅपटॉपची ताकदच कमी झाली होती. यासाठी भिंतीवरचा साधा थर्मामीटर पुरतो. अट एवढीच की दर वेळी काम तेच हवं, पंख्याचा मोड तोच हवा, आणि एक्सपोर्ट सुरू होऊन पंधरा-वीस मिनिटं तरी झालेली हवीत, कारण तोवर आकडे स्थिर होत नाहीत.

तापमान कसं चढतं आणि कसं उतरतं, यातूनही दोष कुठे आहे ते बरंचसं कळतं. कामाचा भार पडताच क्षणात ९५ आणि काम थांबताच क्षणात ६० असं सतत होत असेल, तर चिपची उष्णता हीटसिंकपर्यंत नीट पोचत नाही. त्या दोघांमधली उष्णता वाहून नेणारी पेस्ट सुकलेली किंवा सरकलेली असण्याची शक्यता मोठी. एखादाच कोअर बाकीच्यांपेक्षा १५-२० अंशांनी वर राहत असेल तरी संशय पेस्टवरच. (ब्राउझर उघडताना सेकंदभर ८५ ला टेकून खाली येणं हे मात्र टर्बोचं, म्हणजे थोड्या वेळापुरता वेग वाढवण्याच्या सोयीचं, नेहमीचं वागणं आहे, त्याने घाबरू नये.) उलट तापमान सावकाश चढत असेल आणि काम संपल्यावरही पंखा मोठ्याने फिरत राहून आकडा रेंगाळत उतरत असेल, तर हवेची वाट बंद आहे. माझं हे दुसरं होतं. फोंड्यातल्या ज्या दुरुस्तीवाल्या काकांकडे लॅपटॉप नेला, त्यांना लॉग दाखवला. एचडब्ल्यूइन्फो सगळ्या नोंदी फाईलमध्ये उतरवून देतं, ही त्याची मोठी सोय. त्यांनी आलेख पाहिला आणि म्हणाले, “बाय, आदीं पंखो नितळ करूया, पेस्ट मागीर पळोवया.” (आधी पंखा साफ करूया, पेस्टचं नंतर बघूया.) मागचं झाकण काढल्यावर हीटसिंकच्या बारीक पात्यांवर लाल-करड्या धुळीचा नमद्यासारखा थर निघाला. तो काढल्यावर त्याच ३२ अंशांच्या खोलीत, त्याच नाटकाला, चिप ९५ वरच राहिली, पण ४७ वॅट घेऊ लागली आणि क्लॉक ३.४ वर गेला. भागाकार पुन्हा १.३ च्या घरात. पेस्टला हात लावावा लागला नाही.

गोव्यात हा थर लवकर जमतो असं मला वाटतं, आणि त्याला कारणं आहेत. जांभ्याची धूळ बारीक असते, आणि पावसाळ्यातली दमट हवा तिला पात्यांवर चिकटवून ठेवते. आर्द्रतेने चिपचं तापमान थेट फारसं वाढत नाही. ती नुकसान करते ते या चिकटपणातून. कांदोळी, कोलवा अशा किनाऱ्यालगतच्या गावांत त्यात खाऱ्या वाऱ्याची भर पडते, आणि मीठ-ओलीने धातू गंजतो. तिकडे राहणाऱ्यांनी पावसाळा संपल्यावर एकदा आतून सफाई करून घ्यावी हे बरं. सफाईसाठी पंक्चरवाल्याकडच्या कॉम्प्रेसरची हवा मात्र मारू नये, त्यात पाणी आणि तेल असतं. ब्लोअर वापरताना पंख्याची पाती बोटाने किंवा काडीने धरून ठेवावीत, नाहीतर पंखा भलत्या वेगाने फिरून त्याचं बेअरिंग खराब होऊ शकतं.

पावसाळ्यातली आणखी एक गोष्ट, जी कुठल्याच सेन्सरवर दिसत नाही. एसीच्या गार खोलीतून किंवा गाडीतून गार झालेला लॅपटॉप एकदम बाहेरच्या दमट हवेत आणला, तर थंड ताकाच्या पेल्यावर येतो तसा दव त्याच्या आतही धरू शकतो. मंदिराच्या सभामंडपात काम असेल तर मी लॅपटॉप बॅगेतच राहू देते, बाहेरच्या हवेइतका कोमट होऊ देते आणि मगच चालू करते.

प्रोसेसरइतकंच लक्ष एसएसडी आणि बॅटरीकडे द्यावं, असं माझं ठाम मत झालं आहे. प्रोसेसर ९५ ला सुखरूप असतो. एसएसडी तसा नसतो. बहुतेक एसएसडींची कामाची मर्यादा कंपनी ७० अंश देते. मोठ्या फायली एका ड्राइव्हवरून दुसऱ्यावर टाकताना माझा ६६ पर्यंत गेलेला दिसला. तेव्हापासून कॅमेऱ्याची कार्डं कॉपी करणं आणि एक्सपोर्ट ही दोन कामं एकाच वेळी लावत नाही. बॅटरीची गोष्ट आणखी नाजूक. लिथियम-आयन बॅटरीला उष्णता आणि पूर्ण चार्ज या दोन गोष्टी एकत्र सोसत नाहीत, तिची क्षमता लवकर घटते. बहुतेक कंपन्यांच्या अॅपमध्ये चार्ज ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असते, ती मी कायम चालू ठेवते. वळवाच्या दिवसांत वीज सारखी जाते तेव्हा १०० टक्के असावेत असं वाटणं साहजिक आहे, पण घरी इन्व्हर्टर असेल तर ८० पुरतात. बाहेर चित्रीकरण असेल त्या दिवसापुरती ती मर्यादा काढते. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पॉवरसीएफजी’ला ‘बॅटरीरिपोर्ट’ जोडून आज्ञा दिली की मूळ क्षमता आणि आत्ताची क्षमता शेजारी-शेजारी मिळतात. तो अहवाल अधूनमधून काढून ठेवावा.

उपायांपैकी जे केलं त्याचं मोजमाप असं. लाकडी ठोकळ्याने मागची बाजू दोन बोटं उचलली, त्याने सर्वात स्वस्तात सर्वात जास्त फरक पडला. हवा खालून आत ओढली जाते, त्यामुळे हे स्वाभाविकच आहे. पंखेवाला कूलिंग पॅड उसना आणून पाहिला. त्याने हात टेकतो तो भाग गार झाला, पण दर वॅटच्या हिशेबात फारसं काही हललं नाही, म्हणून विकत घेतला नाही. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा ९९ टक्के केली की टर्बो बंद होतो. या चिपचा मूळ वेग २ गिगाहर्ट्झच असल्याने एक्सपोर्टला ते परवडत नाही. लेखन, मेल, संहिता टंकणं यांना मात्र ते उत्तम. भर दुपारीही पंखा जवळजवळ गप्प असतो. एक्सपोर्टसाठी ‘परफॉर्मन्स’ऐवजी ‘बॅलन्स्ड’ मोड ठेवला तर वेळ किंचित वाढतो, आवाज मात्र पुष्कळ कमी होतो.

एक खुलासा इथेच करते, कारण ओळखीच्या अनेकांनी याबद्दल विचारलं आहे. यादीत ‘पॉवर लिमिट एक्सीडेड’च्या ओळीत लाल अक्षरांत ‘येस’ दिसतं. ते उष्णतेचं लक्षण नव्हे. कंपनीने ठरवलेल्या वॅटच्या मर्यादेपर्यंत चिप पोचली एवढाच त्याचा अर्थ, आणि जड कामात ते रोज होतं. चिंता करायची ती थर्मल थ्रॉटलिंगच्या ‘येस’ची, आणि तीही ते साध्या कामात येत असेल तेव्हा.

मग काळजी कधी करायची? काहीही चालू नसताना, प्रोसेसरचा वापर पाच टक्क्यांच्या आत असताना, चिप खोलीपेक्षा ३० अंशांहून वर राहत असेल तर मी सफाईचा विचार सुरू करते. ३१ च्या खोलीत ५० ते ५५ हा माझ्याकडचा निवांत आकडा आहे, आणि त्यात वावगं काही नाही. नुसता व्हिडिओ बघताना थ्रॉटलिंग येत असेल तर दुरुस्तीवाल्याकडे जायची वेळ झाली. भार पडताच लॅपटॉप पटकन बंद पडत असेल तर उष्णता हे एक मोठं कारण असतं, आणि तो तपासल्याशिवाय पुन्हा जड कामाला लावू नये. टचपॅड वर उचलला गेला, झाकण नीट मिटेना, तळ फुगल्यासारखा वाटला, तर तो बॅटरीचा प्रश्न आहे; तिथे आकडे बघत बसू नये. चार्जर काढावा, लॅपटॉप बंद करावा आणि बॅटरी बदलेपर्यंत वापरू नये. आणि मांडीवर घेऊन तासन्‌तास काम करणाऱ्यांसाठी: तळ सोसवण्याइतका गरम असला तरी रोजच्या उबेने कातडीवर जाळीसारखे तपकिरी डाग पडू शकतात. मुलांना पाट किंवा टेबल द्याच.

एचडब्ल्यूइन्फोत मला खटकलेली गोष्ट म्हणजे माझ्या लॅपटॉपवर पंख्याचा वेग दिसत नाही. अनेक लॅपटॉपांत ही माहिती कंपनीच्या स्वतःच्या कंट्रोलर चिपमध्ये बंद असते, त्यामुळे बाहेरच्या प्रोग्रामला ती वाचता येतेच असं नाही. ज्यांना एवढी मोठी यादी नको त्यांना कोअर टेम्प पुरेल. लिब्रे हार्डवेअर मॉनिटरही चांगलं आणि मुक्त स्रोताचं आहे, पण विनरिंग० नावाच्या ड्रायव्हरवर (हार्डवेअरचे आकडे वाचून देणाऱ्या छोट्या प्रोग्रामवर) चालणाऱ्या साधनांना २०२५ च्या मार्चपासून विंडोज डिफेंडर हा विंडोजचा सुरक्षा प्रोग्राम धोक्याची सूचना देऊ लागला, कारण त्या ड्रायव्हरमध्ये खरोखरची सुरक्षा-त्रुटी आहे. त्यामुळे जुनी आवृत्ती कुठूनतरी उतरवून घेऊ नये. लिनक्सवर एलएम-सेन्सर्स घालून ‘सेन्सर्स’ एवढंच टंकलं की आकडे येतात. कुठलंही साधन घ्या, लॅपटॉप नवा असतानाच खोलीचं तापमान, वॅट आणि क्लॉक यांची एक नोंद करून ठेवा. पुढच्या मे महिन्यात ताडून बघायला तीच लागेल.