वार्गास यांच्या रिओची पायी सहल: चार तारे

मी कामगार कायद्याची वकिली करते, त्यामुळे रिओत उतरल्यावर समुद्रकिनाऱ्याआधी ही सहल ठरवली. १९४० साली ब्राझीलमध्ये किमान वेतन लागू करणारे आणि १९४३ मध्ये कामगारांचे सगळे कायदे एका संहितेत बांधणारे राष्ट्राध्यक्ष जेतुलिओ वार्गास खुनाच्या आणि भ्रष्टाचाराच्या गदारोळात कसे संपले, हे त्या त्या जागी उभं राहून समजून घ्यायचं होतं.

सुरुवात कोपाकाबानातल्या तोनेलेरो रस्त्यावर. ५ ऑगस्ट १९५४च्या पहाटे इथे वार्गास यांचे कट्टर विरोधक, पत्रकार कार्लोस लासेर्दा यांच्यावर घराच्या दारातच गोळीबार झाला. लासेर्दांच्या पायावर निभावलं, पण सोबतचे हवाई दलाचे मेजर रुबेन्स वाझ मारले गेले. हवाई दलाने गालेआंवच्या तळावर स्वतःच तपास चालवला आणि काही दिवसांतच माग थेट राष्ट्राध्यक्षांच्या अंगरक्षकांचा प्रमुख ग्रेगोरिओ फोर्तुनातो याच्यापर्यंत पोहोचला. खुद्द वार्गास यांचा हात कधीच सिद्ध झाला नाही, हे आमच्या गाइडने आवर्जून दोनदा सांगितलं. मला ते फार आवडलं. सनसनाटी करायचा मोह तिला सहज झाला असता.

तिथून मेट्रोने कातेते. तेव्हाचा राष्ट्राध्यक्षांचा वाडा आता प्रजासत्ताक संग्रहालय आहे. सेनाधिकाऱ्यांनी राजीनामा मागितल्यावर, तिसऱ्या मजल्यावरच्या साध्याशा शयनगृहात २४ ऑगस्टला वार्गास यांनी छातीत गोळी झाडून घेतली. गोळीचं भोक पडलेला तो पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा-सदरा बघताना आमच्यातलं कुणी बोललं नाही. गाइडने निरोपाच्या पत्रातली शेवटची ओळ तेवढी वाचली: ‘जीवनातून निघून इतिहासात प्रवेश करतो.’

आता तक्रार, आणि ती मोठी आहे. कंपनीच्या आखणीत १९३० ते १९५० ही वीस वर्षं दोन वाक्यांत उरकली जातात. १९३७मध्ये याच माणसाने संसद बंद केली, वर्तमानपत्रांवर पहारे बसवले. त्याआधीच, १९३६मध्ये, त्यांच्या सरकारने जर्मन ज्यू कम्युनिस्ट कार्यकर्त्या ओल्गा बेनारिओ यांना, त्या गरोदर असताना, नाझी जर्मनीच्या हवाली केलं, आणि १९४२मध्ये तिथे त्यांना विषारी वायूने मारलं गेलं. याबद्दल एक अक्षर नाही. विचारलं तर ‘वेळ पुरत नाही’.

१ मे १९५४ रोजी किमान वेतन १२०० क्रुझेइरोंवरून २४०० केल्याचा उल्लेखही राहिला. या वाढीचा आग्रह धरणारे श्रममंत्री जोआओ गुलार यांना लष्करातल्या कर्नलांच्या विरोधामुळे फेब्रुवारीतच पद सोडावं लागलं होतं. माझ्या मते सेनाधिकाऱ्यांचा राग तिथूनच पेटला होता. हे न सांगितल्यामुळे एका अंगरक्षकाच्या आगाऊपणाने सरकार कोसळलं, असा समज घेऊन लोक घरी जातात.

तरीही सहलीला जरूर जा. फक्त नोंदणी करतानाच १९३७ ते १९४५ या हुकूमशाहीच्या काळाबद्दल बोलायला सांगा. गाइडला माहिती भरपूर आहे. मी कंपनीला लिहिलं आहे की वाड्यामागच्या बागेत वीस मिनिटं त्या आठ वर्षांना द्या. तेवढं झालं की पाचवा तारा देईन.