छाटणीनंतरच्या फांद्यांसाठी पेट्रोल श्रेडर: वर्षभराच्या वापरानंतर

गुहागर तालुक्यातली आमची बाग उतारावरची. हापूसची जुनी कलमं आणि कडेने माड. हाताबाहेर उंच गेलेली कलमं छाटली की झाडाखाली कंबरभर ढीग पडतो. पूर्वी बारीक टाळ भाजावळीला, म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजायला जायचा, जाड फाटी चुलीला. आता भात लावायला माणसं नाहीत आणि चूल पेटते ती आंघोळीच्या पाण्यापुरती. म्हणून गेल्या वर्षी सात एचपीचा, चाकांवरचा पेट्रोल श्रेडर, म्हणजे फांद्यांचा भुगा करणारं मशीन, घेतला.

विजेवरचा स्वस्त पडत होता, पण उतारावर केबल कुठवर ओढणार, आणि आमच्याकडचं व्होल्टेज तर विचारूच नका. ट्रॅक्टरवर चालणारा सगळ्यात दणकट, फक्त दगडी कुंपणाच्या गडग्यांमधून ट्रॅक्टर आत येत नाही. त्यामुळे निवड तशी आपोआपच झाली.

जाहिरातीत तीन इंची फांदी लिहिलेली असते. ताजी, सरळ असेल तर दोन इंचांपर्यंत मशीन कुरकुरत नाही. त्यापुढे इंजिनाचा आवाज बसतो. पण खरी अडचण जाडीची नाही, वाकडेपणाची. आंब्याची फांदी दर वीतभर अंतरावर वळते, मग ती तोंडातच अडकते. कोयतीने बगला तोडून द्याव्या लागतात, आणि सगळा वेळ जातो तो तिथे. म्हणून दुकानात गेलात तर एचपीआधी तोंडाचं माप बघा. मनगटापेक्षा जाड लाकूड आम्ही मशीनला दाखवतच नाही, ते चेनसॉने तोडून थेट फाटीत जातं. भिरुड किडीने पोखरलेल्या फांद्याही भुग्याच्या आच्छादनात नकोत, त्या चुलीत.

माडाची चुडतं, म्हणजे झावळ्या, हे वेगळंच प्रकरण. वाळलेलं चुडत घातलं की पातीचे धागे शाफ्टला गुंडाळतात. आधी घरघर, मग जळका वास. अशा वेळी इंजिन बंद करून स्पार्क प्लगची टोपी काढायची, मगच झाकणाचे बोल्ट सोडायचे आणि करवतीच्या पात्याने ते दोरखंड कापत बसायचं. आता चुडतांचे हीर खराट्याला काढून घेतो आणि उरलेलं माडाच्याच आळ्यात टाकतो. पावसातला ओला पातेराही (पालापाचोळा) मशीनची जाळी गच्च करतो. दोन दिवस ऊन खाऊ द्या.

पातं बोथट होतं ते लाकडाने नाही, मातीने. जमिनीवर फरफटत आणलेल्या फांदीला तांबडी माती आणि बारीक खडी चिकटते. आम्ही फांद्या ताडपत्रीवर रचून ओढतो. सगळ्या खरेदीत स्वस्त वस्तू हीच, आणि तिच्याविना मशीन निम्म्या उपयोगाचं. पातेरा गोळा करायला हवेचा ब्लोअर मात्र कातळावरच्या बागेत घेऊ नका. पातेऱ्याबरोबर मूठभर मातीही उडते, जी इथे मुळातच थोडी. दाताळं बरं.

पेट्रोल तासाला सव्वा लिटरच्या आसपास. तेवढ्यात एका मध्यम कलमाचा बारीक माल उरकतो, अर्थात एक माणूस तोडून देणारा असेल तर. भुगा कलमाच्या आळ्यात तीन-चार इंच पसरतो, बुंध्यापासून वीतभर सोडून. कच्चा भुगा मातीत मिसळला तर कुजताना नत्र ओढून घेतो, म्हणून तो वरच ठेवतो आणि शेणकाला शिंपडतो. उन्हाळ्यात आळं उकरून पाहिलं तर खाली ओल होती, शेजारच्या उघड्या आळ्यात धूळ.

तक्रार एकच, पण मोठी. पट्टा तुटला तेव्हा विक्रेत्याने ‘मागवतो’ म्हणून ऐन छाटणीत ताटकळत ठेवलं. शेवटी पट्ट्यावरचा नंबर दाखवून चिपळूणच्या बेअरिंगच्या दुकानातून तसाच मिळाला. तेव्हापासून एक जादा पट्टा आणि पात्यांची एक जोडी घरात असते. पाती दोन्ही बाजूंनी धारेची घ्या, उलटवून लावता येतात.

दहा-बारा कलमं असतील तर विकत घेऊ नका; दिवसाच्या भाड्याने आणा किंवा वाडीत तिघा-चौघांत मिळून घ्या. आमचं मशीनही सध्या शेजारच्या वाडीत गेलंय, पेट्रोल त्यांचं, धार लावणं आमचं.